अरीथा फ्रँकलिनची ती सहा वर्षं वाया गेली नव्हती

सोल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून घडलेलं अमेरिकेतलं कृष्णवर्णीय संगीत. त्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिन १९६० मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये गेली. तिथे सहा वर्षं तिच्याकडून व्हायोलिनांच्या गराड्यात जुनी नाटकांतली गाणी गाऊन घेतली आणि एकही चाललं नाही. मग जानेवारी १९६७ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सचा जेरी वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्सला घेऊन गेला, त्याने तिला पियानोवर बसवलं आणि एका दिवसात सोलची राणी जन्माला आली. गोष्टीला एक शेपूटही असतं: सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिचा जोर संपला, पुढचं सगळं भरताड.

ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून फिरते. पण तिच्यात अरीथा स्वतः काहीच करत नाही. एक पुरुष तिला वाया घालवतो, दुसरा शोधून काढतो, आणि ती मधे नुसती गाते. तिच्या तबकड्या तारखेच्या क्रमाने ऐकल्या की यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा कोसळतो.

‘कोलंबियात एकही गाणं चाललं नाही.’ ‘टुडे आय सिंग द ब्लूज’ ही तिची कोलंबियातली पहिलीच सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं. १९६० मध्ये ती बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत दहावी आली. पाठोपाठ ‘वोन्ट बी लाँग’ सातव्या आणि १९६१ मध्ये ‘ऑपरेशन हार्टब्रेक’ सहाव्या क्रमांकावर गेलं. ‘रॉक-अ-बाय युअर बेबी विथ अ डिक्सी मेलडी’ तर थेट सर्वसाधारण यादीत, म्हणजे हॉट १०० मध्ये, ३७ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. १९ वर्षांच्या मुलीसाठी हे अपयश म्हणायचं असेल तर यशाची व्याख्या फार कडक झाली.

इथे एक गोष्ट मोजणी करणारे विसरतात आणि ती महत्त्वाची आहे. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात बिलबोर्डने ऱ्हिदम अँड ब्लूजची यादी छापलीच नाही. ‘रनिंग आउट ऑफ फूल्स’ हे तिचं कोलंबियातलं अत्यंत दमदार गाणं नेमकं १९६४ च्या शरदात आलं. हॉट १०० मध्ये ते ५७ व्या क्रमांकावर थांबलं आणि तेवढाच आकडा आज पुढे केला जातो. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी ते किती डोक्यावर घेतलं, हे दाखवणारी बिलबोर्डची यादीच त्या महिन्यांत अस्तित्वात नव्हती. त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘चाललं नाही’ असा लावणं चूक आहे.

या दाव्यात खरं काय, तेही सांगायला हवं. कोलंबियाला तिचं काय करायचं हे ठरवता आलं नाही. कंपनीचा निर्माता जॉन हॅमंडने तिला करारबद्ध केलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जॅझ आणि ब्लूज होतं. त्याच्यानंतर आलेल्या निर्मात्यांनी कधी तिला मोठ्या वाद्यवृंदासमोर उभं केलं, कधी रेडिओवर चालेल असं काही करून पाहिलं. १९६५ च्या ‘येऽऽ!!!’ या अल्बमची गत तर ऐकवत नाही. स्टुडिओत छोट्या चमूबरोबर, केनी बरेलच्या गिटारच्या साथीने, ती सुंदर गायली होती. कंपनीने त्यावर नंतर टाळ्या आणि मैफलीचा गलका चढवला. गायक फ्रँक सिनात्रासारखी तिला क्लबमध्ये बसवायची हौस, दुसरं काय. विक्रीच्या बाबतीत कंपनी चुकली, हे मान्य. पण विकता आलं नाही म्हणून गाणं वाईट, असं होत नाही.

‘तिथे तिचा चर्चचा आवाज दाबला गेला, तिला पियानोला हात लावू दिला नाही.’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते पाच मिनिटांत तपासता येतं. ‘अरीथा’ या १९६१ च्या कोलंबियातल्या पहिल्या अल्बमवर रे ब्रायंटचा चमू आहे, पण काही गाण्यांत पियानो तिचाच आहे. ‘वोन्ट बी लाँग’ लावा. डावा हात गाडीच्या चाकासारखा फिरतो आणि वर आवाज रविवारच्या प्रार्थनेतला आहे. शब्द तेवढे प्रियकराची वाट पाहणारीचे. १९६४ मध्ये स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात हेच गाणं ती पियानोवर बसून गायली, त्याचं चित्रण उपलब्ध आहे. मसल शोल्सच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

आणि पियानोची सुरुवात कोलंबियातही नाही. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू. त्यांची प्रवचनं ध्वनिमुद्रित करून विकणाऱ्या जो व्हॉन बॅटलने अरीथाचीही भक्तिगीतं मुद्रित केली. १९५६ मध्ये ती आली, तेव्हा अरीथा १४ वर्षांची होती. ‘प्रेशस लॉर्ड’ आणि ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ या दोन्हींत पियानो तीच वाजवते. मुद्रण खरखरीत आहे, मागे मंडळींचे हुंकार ऐकू येतात, आणि ओळीच्या शेवटी आवाज वर नेऊन तिथेच काही क्षण धरून ठेवायची तिची पुढे जगभर गाजलेली लकब इथे आधीच आहे. १९७२ च्या ‘अमेझिंग ग्रेस’ अल्बममध्ये तिने ही दोन्ही गाणी पुन्हा घेतली. दोन्ही मुद्रणं एकापाठोपाठ ऐका. वेक्सलर म्हणत असे की त्याने तिला चर्चमध्ये परत नेलं. ती चर्चबाहेर गेलीच कधी होती?

कोलंबियाच्या खजिन्यात मला १९६४ चा ‘अनफर्गेटेबल’ सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्लूज आणि जॅझ गाणारी डायना वॉशिंग्टन डिसेंबर १९६३ मध्ये अचानक वारली. काही महिन्यांत अरीथाने तिच्या गाण्यांचा हा अल्बम केला. व्हायोलिनं आहेत, पण ‘दिस बिटर अर्थ’मध्ये ती त्यांच्यावर रेलत नाही. त्यांच्या आधी थांबते, नंतर सुरू करते, आणि शब्द अर्धा सोडून पुढच्या शब्दाला वेगळ्याच स्वरावर पकडते. २१–२२ वर्षांची बाई इतकी सावकाश गाते आणि गाणं सैल पडत नाही. ही तालीम वाया गेली म्हणणाऱ्यांनी ‘सोल ६९’ ऐकावा. अटलांटिकमध्ये ऐन भरात असताना तिने रॉन कार्टर, केनी बरेल अशा जॅझवाल्यांना घेऊन तो केला आणि त्यात ‘टुडे आय सिंग द ब्लूज’ पुन्हा गायली. कोलंबियाची वर्षं तिला लाजिरवाणी वाटत असती तर ती त्या पहिल्या गाण्याकडे परत कशाला गेली असती?

‘मसल शोल्समध्ये एका दिवसात सगळं घडलं.’ त्या दिवशी, २४ जानेवारी १९६७ ला, रिक हॉलच्या फेम स्टुडिओत एकच गाणं पूर्ण झालं: ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’. सुरुवातीला वादकांना गाण्याची चाल सापडत नव्हती. स्पूनर ओल्डहॅमला वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानोवर तो सरपटणारा तुकडा सुचला आणि मग गाणं झपाट्याने झालं. हे श्रेय त्या वादकांचं आहे आणि ते त्यांना मिळायलाच हवं. पण दुसरं गाणं, ‘डू राइट वुमन’, अर्धवट राहिलं. तिचा नवरा टेड व्हाइट आणि स्टुडिओतली मंडळी यांच्यात दारूच्या भरात वाजलं, रात्री हॉटेलवर रिक हॉलशी जोरदार भांडण झालं आणि अरीथा निघून गेली. आठवडाभर चालायचं काम पहिल्याच दिवशी बंद पडलं. पुढे त्या वादकांनाच न्यूयॉर्कला बोलावून अल्बम तिथल्या अटलांटिकच्या स्टुडिओत पुरा केला.

‘डू राइट वुमन’चं काय झालं, ते तर सांगणारे गाळूनच टाकतात. अलाबामाहून आलेल्या फितीवर साथीचा नुसता सांगाडा होता. अरीथाने न्यूयॉर्कमध्ये त्यावर स्वतः वाद्यं भरली, कॅरोलिन आणि अर्मा या बहिणींना घेऊन मागचे आवाज बसवले आणि मग मुख्य गायन केलं. आज आपण ऐकतो ते गाणं तिने बांधलेलं आहे. त्या अल्बमच्या ११ गाण्यांपैकी ‘डॉ. फीलगुड’सह ४ गाण्यांच्या लेखनात तिचं नाव आहे. नुसती ‘पियानोवर बसवलेली’ गायिका हे करत नाही.

‘“रिस्पेक्ट” मसल शोल्सचं, आणि तेही मूळ सोल गायक ओटिस रेडिंगचं, तिने नुसतं पुन्हा गायलं.’ ठिकाण चूक: गाणं १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालं. गाणं रेडिंगचं, १९६५ चं, हे बरोबर. त्याच्या गाण्यात दमून घरी आलेला पुरुष मान मागतो. अरीथाच्या गाण्यात बाई मागते, पण बदल तेवढाच नाही. एकेक अक्षर सुटं करून ‘रिस्पेक्ट’ म्हणायचं, हा गाण्याचा कणा रेडिंगकडे नव्हताच. बहिणींची ती ‘सॉक इट टू मी’ची सरबत्तीही नव्हती. मूळ गाण्यात मध्ये वळण घेणारा भाग नव्हता, तर इथे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन वेगळ्याच सुरावटीत शिरतो. त्या जागेचे कॉर्ड्स सॅम आणि डेव्ह या गायक-जोडीच्या एका गाण्यातून उचललेले आहेत. रेडिंगची सिंगल हॉट १०० मध्ये ३५ वी आली होती. अरीथाची पहिल्या क्रमांकावर दोन आठवडे राहिली. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात खुद्द रेडिंगने हे गाणं एका मुलीने आपल्याकडून पळवलं असं सांगूनच ते म्हटलं. आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती: ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ अरीथाने कोलंबियात १९६२ मध्येच गायलं होतं, रेडिंगचं आलं १९६६ मध्ये.

वेक्सलरने केलं काय मग? त्याने तिला स्वतःची बांधणी घेऊन स्टुडिओत येऊ दिलं आणि मधे लुडबुड केली नाही. हे मोठंच काम आहे. कोलंबियाला ते सहा वर्षं जमलं नाही. परिणामही लगेच दिसला: १९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत तिच्या ९ सिंगल्स हॉट १०० च्या पहिल्या दहांत गेल्या. पण दार उघडणाऱ्याला घर बांधणारा म्हणू नये.

राहिलं ते शेपूट, ‘सत्तरच्या मध्यावर ती संपली’. मधली काही वर्षं पडेल होती, हे खरं. पण त्यातच १९७६ चा कर्टिस मेफिल्डबरोबरचा ‘स्पार्कल’ अल्बम आहे. १९८० मध्ये ती अरिस्टा रेकॉर्ड्समध्ये गेली, १९८२ मध्ये लूथर व्हॅन्ड्रॉसने निर्मिलेलं ‘जंप टू इट’ ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिलं आलं, १९८५ चं ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ हॉट १०० मध्ये तिसरं. हॉट १०० मधला तिचा दुसरा आणि शेवटचा पहिला क्रमांक १९८७ चा, जॉर्ज मायकेलबरोबरचा, म्हणजे ‘रिस्पेक्ट’नंतर २० वर्षांनी. १९९८ मध्ये लॉरिन हिलने तिच्यासाठी ‘अ रोझ इज स्टिल अ रोझ’ लिहिलं, तेव्हा ती ५५ च्या पुढे होती. ‘जंप टू इट’च्या मध्यावर ती गाणं सोडून मैत्रिणीबरोबरच्या फोनवरच्या गप्पा सांगू लागते, या आठवड्यात कुणी कुणाला सोडलं वगैरे, आणि बोलता बोलता ताल जराही न चुकवता पुन्हा सुरात उडी घेते.