‘प्लास्टिकचं खेळणं जोडायला दीड महिना?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आम्ही जोडून-रंगवून दिलेल्या अंतराळयानाच्या मॉडेलवरून तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. किती तारे द्यायचे हा तुमचा हक्क. पण ‘खेळणं जोडायला दीड महिना लावला, वर यानाच्या पोटाला बुडबुड्यांचे ठसे आणि नावाभोवती चंदेरी कड’ एवढंच वाचून लोकांना अर्धीच गोष्ट कळते.

किट, म्हणजे मॉडेलचे सुटे प्लास्टिकचे भाग, जोडायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो वाळण्यात. मॉडेल चिकटवायचं सिमेंट (बांधकामाचं नव्हे) प्लास्टिक विरघळवूनच सांधा धरतं. तो पुरता कडक होण्याआधी घासला तर मागाहून आकसतो आणि रंगाखाली रेघ उमटते. म्हणून निदान दोन दिवस थांबायचं, मग 400, 800, 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. पुट्टी भरली की पुन्हा तेच. शिवाय तुम्हाला आत दिवे हवे होते. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आरपार येतो, त्यामुळे आतून आधी काळा थर आणि त्यावर उजेड परतवायला पांढरा. यानाची तबकडी (गोल चपटा भाग) एकदा चिकटली की आतली वायर दुरुस्त करता येत नाही, म्हणून बंद करण्याआधी दिवे बराच वेळ पेटते ठेवून पाहावे लागतात. हलक्या-गडद राखाडी चौकटींना प्रत्येक छटेला वेगळं मास्किंग, म्हणजे बाकीचा भाग टेपने झाकणं. खालचा रंग पक्का होण्याआधी टेप लावली तर काढताना रंगच सोलून येतो. त्यानंतर ग्लॉस (चकचकीत पारदर्शक थर), डेकल (नाव-चिन्हं छापलेली पातळ फिल्म), रेघांमधला वॉश (पातळ केलेला गडद रंग), शेवटी मॅट (बिनचमकीचा पारदर्शक थर). यातलं नेमकं काय गाळायचं होतं?

नावाचं डेकल तुम्ही मॅट थर झाल्यावर सांगितलंत. मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, डेकलच्या फिल्मखाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते. तेवढ्या भागावर ग्लॉस मारून एक दिवस थांबू, असं आम्ही सुचवलं होतं. तुम्हाला वाढदिवसाला हवं होतं, मग तसंच लावलं.

ठशांचं म्हणाल तर, रंग हाताला कोरडा लागला तरी आतलं थिनर उडायला आणखी काही दिवस जातात. स्टँड खोक्याच्या तळाला बसवून, यानाला कशाचाही स्पर्श न होता न्या, असं सांगितलं होतं. तुम्ही ते बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळून गाडीत ठेवलंत.

‘खेळणं’ हा शब्द मात्र लागला, सर. याच कामावर आमचं घर चालतं.

तरीही घेऊन या. ठसे 2000 नंबरच्या ओल्या पेपरने हलके घासून नवा मॅट थर देऊ, पैसे नकोत. नावावर वरून काही मारलेलं नाही, त्यामुळे फिल्मला सुईने टोचून सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्रव) सोडला तर कड बरीचशी बसेल. यापुढे वाळण्याचा वेळ आधीच लिहून द्यायचा विचार चालू आहे.

येताना स्टँडसकट आणा, बबल रॅप नको.