वसई सोडून मझागानला कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोरोक्कोतल्या अल जदिदावरच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या जुन्या मझागान किल्ल्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाही, शेवटी नुसतं 'एक दुर्गप्रेमी' एवढंच आहे, तेव्हा मीही तुम्हाला दुर्गप्रेमीच म्हणते. खाली उत्तर लिहायला बसले आणि ते काही आवरेना, म्हणून वेगळंच टाकतेय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुर्गप्रेमींचं म्हणणं असं, की पोर्तुगीज किल्ला बघायला मोरोक्को कशाला गाठायला हवा, वसई लोकल पकडली की झालं. बरं, गेलातच तर एसाविरासारखं देखणं बंदर टाकून अल जदिदासारख्या रुक्ष, कारखान्यांच्या गावात मुक्काम का ठोकलात? आणि मुख्य राग तिसऱ्या गोष्टीचा: मी 'फिरंग्यांच्या तटबंदीचे गोडवे' गायले आणि चिमाजी अप्पांना एका वाक्यात उरकलं.

एसाविराचं आधी घेते, ते लवकर आटपेल. गाव सुंदर आहे, वादच नाही. पांढऱ्या भिंती, निळ्या होड्या, तटावर रांगेने मांडलेल्या तोफा आणि बारा महिने कानात घुसणारा वारा. पण ते तुम्हाला जितकं 'प्राचीन' वाटलं तितकं ते नाही. आज दिसतं ते आखीव शहर सुलतान सिदी मुहम्मद बिन अब्दुल्ला याने 1760च्या दशकात वसवलं, आराखडा तेओदोर कॉर्नू या फ्रेंच अभियंत्याचा. परदेशी व्यापार आपल्या एका बंदरात यावा, जकात आपल्या खजिन्यात पडावी, हा त्यामागचा हिशोब. आणि याच सुलतानाने 1769 मध्ये पोर्तुगीजांना मझागानमधून, म्हणजे आजच्या अल जदिदामधून, कायमचं घालवलं. नवं बंदर उभारणं आणि किनाऱ्यावरचा परका अड्डा उठवणं ही एकाच धोरणाची दोन कामं होती. म्हणजे तुम्ही एसाविरा बघून आला असाल तर अर्धी गोष्ट बघून आलात.

रुक्षपणाबद्दल एवढंच म्हणेन की ते गाव पर्यटकांसाठी सजलेलं नाही, आणि म्हणूनच मला तिथे बरं वाटलं. कारखाने आहेत खरे. दक्षिणेला थोड्या अंतरावर जॉर्फ लास्फार हे फॉस्फेटच्या धंद्याचं मोठं बंदर आहे. आपल्याकडे जे डीएपी खत आणि खतांसाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल बाहेरून येतं त्यातला मोठा वाटा मोरोक्कोचा असतो. जॉर्फ लास्फारला तिथल्या ओसीपी या सरकारी फॉस्फेट कंपनीबरोबर टाटा केमिकल्स आणि चंबल फर्टिलायझर्स यांची भागीदारीतली कंपनीसुद्धा आहे. तुमची शेती असेल तर त्या रुक्ष गावाशी तुमचा संबंध माझ्याहून जवळचा निघायचा.

आता वसई. मी वसईला जात नाही असं तुम्ही कशावरून धरलंत कोण जाणे. मी वसईतच वाढले. भूदरवाज्यातून आत शिरायचं, वाटेत नागेश्वराला हात जोडायचे, चर्चच्या पडक्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाखाली डबा खायचा आणि बंदर दरवाज्यातून पलीकडे कोळ्यांच्या होड्यांकडे जायचं, हा आमचा शाळेतला रविवार होता. हल्ली तिथे जाते तेव्हा दर कमानीत एक जोडपं प्री-वेडिंगचे फोटो काढत असतं; आपण फ्रेममधून बाजूला व्हायचं. मला मझागानला जावंसं वाटलं ते वसई माहीत होती म्हणूनच.

ही दोन्ही ठाणी एकाच वहीतली आहेत. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनेक वर्षांत तिथे किल्ल्याचं काम निघालं. मझागानला त्यांची पहिली गढी 1514 मधली, अर्रूदा बंधूंनी बांधलेली. मग 1541 मध्ये मोरोक्कोच्या सादी घराण्याच्या फौजांनी पोर्तुगीजांकडून अगादिर घेतलं, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने अझेमूर आणि साफी ही दोन ठाणी आपणहून सोडली आणि सगळा भर मझागानवर टाकला. बेनेदेत्तो दा रावेन्ना या इटालियन अभियंत्याचा आराखडा, जुआंव द कास्तिल्योचं बांधकाम. तोफेच्या माऱ्यासाठी बांधलेले ठेंगणे, जाडजूड, चाफ्याच्या पाकळीसारखे बाहेर काढलेले कोनदार बुरूज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेव्हा नवीन होते. माणसंसुद्धा तीच इकडून तिकडे. गोवा घेणारा अफोन्सो द अल्बुकर्क त्याआधी मोरोक्कोत अर्झिलाच्या ठाण्यावर होता. मॅगेलन आधी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर लढला आणि मग 1513 मध्ये अझेमूरच्या स्वारीत गेला, तिथेच पायाला जखम घेऊन बसला. अझेमूर अल जदिदाहून टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत.

मझागानच्या तटावर चढले तेव्हा बुरुजांची नावं विचारून घेतली. एकाचं नाव सेबास्तियन. वसईतही याच संताच्या नावाचा बुरूज आहे, आणि दुर्गप्रेमींना हे सांगायला नको की मे 1739 मध्ये मराठ्यांनी सुरुंग लावून खिंडार पाडलं ते तिथे. वसईत समुद्राकडच्या दरवाज्याचं पोर्तुगीज नाव 'पोर्ता दो मार', आणि मझागानलाही तोच 'पोर्ता दो मार'. फरक असा की वसईत त्या दरवाज्यातून मासळीचा वास येतो आणि मझागानला पावाचा.

पावाचं सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. किल्ल्यातली मुख्य गल्ली, जुनी रुआ दा कारेइरा, धरून समुद्राच्या टोकाला जात होते. पुढे एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा डोक्यावर लाकडी फळी घेऊन चाललेला, फळीवर फडक्याखाली कणकेचे गोल गोळे. त्याच्या मागोमाग गेले तर भिंतीतच सामाईक भट्टी. घराघरांतून मळलेलं पीठ इथे येतं, भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने भाकऱ्या आत सरकवतो आणि कुठली कुणाची हे त्याला न विचारता कळतं, कारण प्रत्येक घराची बोटाची किंवा काट्याची खूण वेगळी. तो मुलगा फळी ठेवून तटावर पळाला, फुटबॉल चालू होता. फांजीवर म्हणजे जिथे तोफा फिरायच्या त्या जागी गोलपोस्ट म्हणून दोन चपला ठेवलेल्या. गल्लीत वाळत घातलेले कपडे, दारात मांजरं, वर डिशच्या छत्र्या. किल्ला कसला, ते मोहल्लाच आहे, फक्त त्याला तट आहे.

आणि गंमत ही की यातलं एकही घराणं पोर्तुगीज काळापासून इथे नाही. 1769च्या मार्चमध्ये लिस्बनहून हुकूम आला, किल्ला सोडा. साधारण दोन हजार माणसं, झाडून सगळी, जहाजांवर चढली. जाताना त्यांनी गव्हर्नरच्या बुरुजात सुरुंग पेरून ठेवले; सुलतानाचे सैनिक आत शिरताना ते उडाले आणि पुष्कळ माणसं मेली. त्यानंतर अर्धशतक गाव ओसच होतं, लोक त्याला 'महदूमा', पाडलेलं, म्हणत. 1820च्या दशकात पुन्हा वस्ती झाली, अझेमूरकडचे ज्यू आले, मुसलमान आले, मशीद बांधली. त्या मशिदीचा मिनार पंचकोनी आहे, कारण तो मुळात पोर्तुगीजांचा टेहळणी मनोरा. पाडायचं कशाला, बांग द्यायला उंच जागा हवीच होती. तटाला लागून सिनेगॉगही आहे.

वसईत नेमकं उलटं झालं. चिमाजी अप्पांच्या तहाने पोर्तुगीज शिबंदी आणि सरदारमंडळी बायकामुलांसह, हत्यारांसह, मानाने गोव्याकडे गेली. पण वसईच्या हाताखालच्या, पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतातली गावं कुठे जाणार? वाडवळ, कुपारी, कोळी ख्रिस्ती आपापल्या वाडीत, आपापल्या केळीच्या बागेत राहिले ते आजतागायत. कुपाऱ्यांची कादोडी बोली आहे, त्यांची लुगडी आहेत, त्यांची चर्चेस किल्ल्याबाहेर भरलेली असतात. किल्ला मात्र हळूहळू रिकामा झाला. मराठ्यांनी त्याचं नाव बाजीपूर ठेवलं, पुढे 1780 मध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतला, परत दिला, 1802चा तो दुसऱ्या बाजीरावाचा इंग्रजांशी तह झाला, आणि मग दगड तेवढे उरले. मझागानात घरं राहिली, माणसं गेली. वसईत माणसं राहिली, घरं गेली. हे मला एकाच ठिकाणी राहून दिसलं नसतं.

याचं कारण मला वाटतं जमिनीत आहे. मझागानचं राज्य तोफेचा गोळा पोचेल तेवढंच. पलीकडे दुक्कालाचा सुपीक मुलूख, पण तो दुसऱ्याचा. 1562 सारखे वेढे पडायचे आणि धान्य-दारूगोळा जहाजाची वाट बघायचा. अडीचशे वर्षं राहूनही ती छावणीच. वसई ही दमणपासून चौलपर्यंतच्या उत्तर प्रांताची राजधानी होती, गावागावांचा महसूल तिथे यायचा, भाताची कोठारं भरायची. जिथे शेत असतं तिथे माणूस चिकटतो, मग राजा कुणीही येवो.

मझागानच्या किल्ल्यातल्या पाण्याच्या टाक्याचं मी कौतुक केलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, 'आमच्या गडांवर शेकड्याने टाकी आहेत'. आहेतच, आणि कातळात खोदलेली आहेत, त्याला तोड नाही. पण मझागानचं टाकं त्या जातीचं नाही. 1514च्या गढीतली ही जमिनीखालची इमारत मुळात टाकं नव्हती, कोठार म्हणून वापरात होती. 1541 नंतर किल्ला वाढला, वेढ्याची तयारी म्हणून तिचं टाकं केलं. जेमतेम 34 मीटर लांब-रुंद जागा, पाच-पाचच्या ओळींत 25 खांब, वर कमानींचं छत आणि मधोमध एकच गोल झरोका. खाली बोटभर पाणी ठेवतात. उन्हाचा झोत पाण्यावर पडला की खांब खाली तेवढेच उतरलेले दिसतात आणि पाय कुठे ठेवावा कळत नाही. नंतरच्या काळात ते लोकांच्या विस्मरणात गेलं होतं आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका दुकानदाराने दुकान वाढवायला भिंत फोडली तेव्हा सापडलं, असं तिथे सांगतात.

आता गोडव्यांचं. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काय केलं ते मला ठाऊक आहे. वसईकराला ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण बुरुजाचा कोन चांगला साधलाय असं म्हटलं की लगेच बांधणाऱ्याची बाजू घेतली असं कसं होतं? जंजिऱ्यावर जाऊन तुम्हीआम्ही सगळेच 'काय किल्ला आहे!' म्हणतो. तिथे महाराजांचं चाललं नाही, संभाजीराजांचं चाललं नाही, तरी म्हणतो. तेवढ्याने कुणी सिद्दीचा होत नाही. किल्ला नीट बघितला नाही तर तो घेणाऱ्याने काय दिव्य केलं तेही समजत नाही. वसईचा तट किती भक्कम होता हे कळल्याशिवाय चिमाजी अप्पांच्या फौजेने दलदलीत तीन महिने मोर्चे लावून काय सोसलं ते कळायचं कसं?

आणि तुलना करायचीच तर ही करा: आपण वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा देवळांत नेऊन टांगल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर. त्या अजून वाजतात. मोरोक्कनांनी मनोऱ्याचा मिनार केला. जिंकणारा माणूस चांगली वस्तू टाकून देत नाही, इकडेही नाही, तिकडेही नाही.

मझागान सोडलेल्या त्या दोन हजारांचं काय झालं तेही सांगून टाकते, मूळ लेखात राहिलं होतं. लिस्बनमध्ये त्यांना कुणी ठेवून घेतलं नाही. राजाने त्यांना अटलांटिकपार ब्राझीलला धाडलं आणि अमेझॉनच्या मुखाजवळ, जंगलात, 'नोव्हा मझागांव' वसवायला लावलं. हिवताप, पूर, उपासमार. ते गाव अजून आहे, आमापा राज्यात. दर जुलैमध्ये संत यागोच्या सणाला तिथले लोक घोड्यांवर बसून मूर (म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान) आणि ख्रिस्ती यांची लुटुपुटूची लढाई खेळतात. खेळणारे बहुतेक आफ्रिकी वंशाचे. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची लढाई अमेझॉनच्या चिखलात अजून चालू आहे, आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावरच्या त्या मुलांना तिचा पत्ताही नाही.

वसईच्या दुरवस्थेवर मी लिहीत नाही हा तुमचा शेवटचा टोमणा. अल जदिदाचा किल्ला 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तरी तिथेही भिंतीला ओल आहे, कचरा आहे, गल्लीच्या कोपऱ्यात मुतारीचा वास आहे. यादीत नाव आल्याने किल्ला धुऊन निघत नाही. वसईवर लिहीन, पण 'शासनाचे दुर्लक्ष' या छापाचं नाही. त्या फोटोवाल्या जोडप्यांपैकी कितीजण बंदर दरवाज्यापर्यंत चालत जातात, हे आधी बघायचंय.

तुम्ही कधी निघालातच तर कासाब्लांकाहून अल जदिदाला आगगाडी आहे. स्टेशन गावाबाहेर, तिथून टॅक्सी करा आणि भाडं आत बसण्याआधी ठरवा. तट संध्याकाळी चढा, 'एंजल' बुरुजावरून बंदर आणि परतणाऱ्या होड्या दोन्ही दिसतात. खाली बंदराशी कोळशावर भाजलेले सार्डिन मिळतात, आपल्या तारल्यांचे भाऊबंदच, काटे काढत खायचा धीर हवा. टाकं मधूनमधून डागडुजीसाठी बंद असतं. नुसतं त्याच्यासाठी जाणार असाल तर निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.