दळणावळीवर चाललेली शाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मँचेस्टर ग्रामर स्कूलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 'गरिबांच्या मुलांसाठी 1515 मध्ये निघालेली मोफत शाळा' असं मी कौतुकाने लिहिलं, पण तीच शाळा आज हजारो पौंड फी घेते हे सोयीस्करपणे गाळलं. शिवाय साहेबाच्या शाळांच्या आरत्या ओवाळणं आता पुरे.

फीचं राहिलं, हे कबूल. पण 'मोफत' या शब्दात त्याहून मोठी चूक आहे आणि ती तुमच्याही नजरेतून निसटली. म्हणून हे लांबण.

शाळा काढली ह्यू ओल्डहॅम या बिशपने. माणूस मँचेस्टरच्याच लँकशायर परगण्यातला, गादी मात्र दूर दक्षिणेला, एक्झेटरला. (नावाच्या उच्चारावर कोटी करून त्याने चिन्ह घेतलं घुबडाचं, म्हणजे इंग्रजी 'आउल'चं, आणि शाळेच्या बिल्ल्यावर ते आजही आहे. आपल्याकडे असा बिल्ला असता तर निम्म्या पालकांनी दाखला काढून नेला असता.) या भागातली पोरं बुद्धीने तल्लख, पण बहुतेक अडाणी आणि रिकामटेकडी वाढतात, असं कारण शाळेच्या दस्तात दिलंय. आता मास्तरांचा पगार कुठून द्यायचा? तर इर्क नदीवरच्या पाणचक्क्यांचं उत्पन्न शाळेला लावून दिलं. मँचेस्टरकरांनी आपलं धान्य त्याच चक्क्यांवर दळायचं, अशी सक्ती होती. म्हणजे ज्याच्या घरातलं एकही पोर लॅटिन शिकायला या शाळेच्या वाटेला जाणार नव्हतं, तोसुद्धा पावामागे शाळेला दळणावळ मोजत होता. शाळा मोफत होती ती आत बसलेल्यांना. बाहेरचं अख्खं गाव तिची फी भरत होतं!

हे जवळपास अडीचशे वर्षं चाललं. गाव वाढून शहर झालं, चक्क्या मात्र त्याच. लोक करवादले. तिथलाच कवी जॉन बायरम, त्याच्या नावावर चक्क्यांच्या दोन मक्तेदारांची टिंगल करणारं एक चार ओळींचं कडवं आहे. एकाला हाड म्हटलंय, दुसऱ्याला कातडं. शेवटी 1758 मध्ये पार्लमेंटने कायदा करून धान्याची सक्ती उठवली, पण माल्टची ठेवली. माल्ट म्हणजे बिअरसाठी मोड आणून सुकवलेलं बार्ली. तिथून पुढे शहराच्या बिअरवर पोरांच्या लॅटिनचा खर्च निघू लागला. हा तपशील मी मूळ लेखात 'विषयांतर' म्हणून कापला होता. कापायला नको होता.

मी गेल्या वर्षी तिथे गेलो, तेव्हा आधी नदीच शोधत होतो. कॅथीड्रलजवळ लाँग मिलगेट नावाचा रस्ता आहे. यातलं 'गेट' म्हणजे फाटक नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत तो रस्ताच. थोडक्यात, गिरणी आळी. इर्क तिथे दिसत नाही, व्हिक्टोरिया स्टेशनच्या पोटातून बोगद्याने जाते. शाळाही 1931 मध्ये तिथून उठून फॅलोफील्डकडे गेली.

आता तुमच्या फीकडे येतो. 1525 च्या नियमांत मास्तरांना बजावलंय की पगाराशिवाय एक पैसा घ्यायचा नाही. कोंबड्यांच्या झुंजीच्या निमित्ताने मुलांकडून उकळायची पेनीसुद्धा नाही. आपल्याकडच्या शिमग्याच्या पोस्तासारखाच तो प्रकार. फक्त नाव दाखल करताना प्रत्येकाने एक पेनी द्यायची, आणि ती जायची दोन गरीब मुलांकडे. त्यांनी पटावर नावं लिहायची आणि शाळा झाडायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एफ. डब्ल्यू. वॉकर हे हाय मास्टर असताना (तिथे मुख्याध्यापकांना असंच म्हणतात) फी भरणारी मुलं घ्यायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी अनुदानाचा काळ आला: अनुदान थेट लंडनहून, बदल्यात निदान पाव जागा सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोफत. 1970च्या दशकात सरकारने ते अनुदान बंद करायचं ठरवलं आणि अशा शाळांपुढे दोनच वाटा ठेवल्या, सर्वांसाठीच्या सरकारी शाळांत सामील व्हा, नाहीतर खासगी व्हा. या शाळेने 1976 मध्ये दुसरी वाट धरली. पुढे 1980 पासून काही जागांची फी सरकार भरायचं, तेही 1997 मध्ये नव्या लेबर सरकारने मोडीत काढलं. त्यानंतर शाळेने स्वतःचा निधी उभारून गरजू मुलांना फीमाफी द्यायला सुरुवात केली.

त्या 'पाव जागां'चंही मला फार कौतुक नाही. अकराव्या वर्षी परीक्षेत पुढे येणाऱ्या पोराच्या घरी बहुधा आधीपासून पुस्तकं असायची. तरी फी न देता आत शिरायची ती वाट तरी होती, आणि ती बंद करण्यात सरकार आणि शाळा दोघांचाही हात आहे, असं माझं मत.

आरतीबद्दल म्हणाल, तर तिथली स्तुतिस्तोत्रं मला पाठ नाहीत आणि करायचीही नाहीत. मला त्या चक्क्यांमध्ये रस आहे. शाळेचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकाच्या तसबिरीपासून सुरुवात करतो, आणि पैसे कोणाच्या चुलीतून आले हे विचारायचं राहून जातं. माझंही राहिलं होतं.

मूळ लेखात 'मोफत' खोडून 'मुलांकडून फी न घेणारी' असं केलंय. 1976 चा परिच्छेद जोडलाय. आणि माल्ट परत आणलाय, तो मात्र कोणी सांगितलं तरी काढणार नाही.