कादंबरीतील फेगिन आणि रंगमंचावरील फेगिन

इंदूरचे हौशी कलावंत डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’वरील संगीतिका मराठीत बसवत आहेत, हे वाचून आनंद झाला, मात्र गाण्यांमुळे कादंबरीतील दाहकता हरवते, हे त्याविषयीच्या तुमच्या लेखातील मत मला पटत नाही. १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मुलांकडून चोऱ्या करवून घेणाऱ्या फेगिनला फाशी होते, तर १९६० साली लंडनमध्ये रंगमंचावर आलेल्या लायोनेल बार्ट यांच्या संगीतिकेत तो जिवंत राहतो आणि ऑलिव्हरचा दुष्ट सावत्र भाऊ मंक्स हे पात्र पूर्णपणे वगळलेले आहे. धार बोथट झाली ती अशा बदलांमुळे. उलट, गरीबखान्यातील भुकेली मुले आरंभीच पक्वान्नांची स्वप्ने गातात, तेव्हा उपासमार प्रेक्षकांपर्यंत गाण्यातूनच पोहोचते.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून पद आळवण्याची आणि वन्स मोअर मिळवण्याची सवय आपल्या रंगभूमीत मुरलेली आहे (आणि मीही तिचा चाहता आहे), परंतु संगीतिकेत गाण्याने कथानक पुढे न्यायचे असल्यामुळे तानांचा मोह दिग्दर्शकाने तालमीतच आवरायला हवा. शिवाय कादंबरी आता स्वामित्वहक्कातून मुक्त असली, तरी बार्ट अलीकडे, १९९९ मध्ये निवर्तले असल्याने त्यांच्या गीत-संगीतावरील हक्क अजून कायम आहेत आणि त्यासाठी रीतसर परवानगी लागेल. ती परवडत नसेल तर मूळ कादंबरीवरून नवी पदे रचावीत, साथीला पेटी-तबला घ्यावा आणि फेगिनची फाशीही कायम ठेवावी.