लॉजच्या खोलीतही नमस्कार होतात

‘प्रवासात व्यायाम टिकवायचा तर जिम असलेलंच हॉटेल निवडा’ हा प्रवासातल्या व्यायामावरच्या तुमच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. औषधांच्या विक्रीसाठी मी महिन्यातले पंधरा दिवस परभणी, हिंगोली, नांदेड असा फिरतो. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर जिम कुठून आणायची? पलंग भिंतीकडे सरकवला की एका सतरंजीपुरती जागा होते आणि सूर्यनमस्काराला तेवढी पुरते. पहाटे साडेपाचला, चहाच्या आधी, १२ नमस्कार. वेळ असला तर २५. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर ज्याचा प्रसार केला, त्या या व्यायामाचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचं वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. पाच-सहा तास बसून प्रवास झाल्यावर लगेच व्यायामाला लागू नये. मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. मी एकदा खोलीत बॅग टाकून थेट नमस्कार घालायला गेलो आणि खाली वाकतानाच कंबर धरली. चार दिवस डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर बसताना भिंतीला हात टेकावा लागे. आता आधी दहा मिनिटं चालतो, घोटे आणि खुबे मोकळे करतो, मगच सतरंजी अंथरतो.