‘पीएक्सई बूट संथ? १० गिगाबिट कार्ड घाला’ हा सल्ला का चुकीचा आहे

नवा सर्व्हर रॅकमध्ये चढवला, पीएक्सईने (डिस्कऐवजी नेटवर्कवरून मशिन सुरू करण्याची सोय) बूटला लावला आणि फाइल उतरायलाच पाच-दहा मिनिटं लागतात, अशी तक्रार आली की एक ठरलेला सल्ला फिरतो: ‘नेटवर्क अपुरं पडतंय. १० गिगाबिटचं कार्ड घाला, टीएफटीपीचा (बूट फाइल उतरवणारा साधा प्रोटोकॉल) ब्लॉक साइझ कमाल करा, स्विचवरची स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले लूप रोखणारी सोय) बंद करा. तरीही नाही जमलं तर यूईएफआय (मशिन सुरू करणारं नवं फर्मवेअर) सोडून लेगसी मोड (जुनी बायोस पद्धत) लावा.’ यातल्या पहिल्या उपायाने पैसे वाया जातात आणि तिसऱ्याने अख्खं नेटवर्क बसू शकतं.

‘नेटवर्क अपुरं पडतंय’

आधी हिशेब करू. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटचा एक ब्लॉक पाठवतो, त्याची पोच येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा पाठवतो. ३०० एमबीच्या बूट इमेजचे साधारण ५ लाख ८६ हजार ब्लॉक होतात. एका ब्लॉकच्या जाण्यायेण्याला अर्धा मिलिसेकंद धरला, तरी जवळपास ५ मिनिटं लागतात. म्हणजे वेग सेकंदाला एक एमबी. एक गिगाबिट लिंकचा एक टक्काही वापरला जात नाही. दोन्ही टोकांना १० गिगाबिट केलं तर यातले जेमतेम पाच-सहा सेकंद वाचतील, कारण वेळ वायरवर नाही, पोचेची वाट पाहण्यात जातो. बूट सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल आणि फेरीला १० मिलिसेकंद लागत असतील, तर हीच इमेज दीड तासाहून जास्त वेळ घेईल.

खरं काय चाललंय ते टीसीपीडंपमध्ये (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लगेच दिसतं. फिल्टर मात्र टीएफटीपीच्या ६९ पोर्टवर लावू नका. पहिली विनंती तेवढी तिथे जाते, डेटा दुसऱ्याच पोर्टवरून येतो. नव्या मशिनच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) फिल्टर लावा आणि विनंतीनंतरचं पहिलं उत्तर बघा. फर्मवेअरने ब्लॉक साइझ मागितला असेल आणि सर्व्हरला तो पर्याय कळत असेल, तर आधी ओॲक (पर्याय मान्य असल्याची पोच) पॅकेट येतं. ते न येता थेट डेटाचा ब्लॉक १ आला, तर वाटाघाट झालेलीच नाही आणि तुम्ही ५१२ वर अडकला आहात.

‘ब्लॉक साइझ कमाल करा’

दिशा बरोबर, आकडा चूक. प्रमाणानुसार ६५,४६४ बाइटपर्यंत जाता येतं, पण १५०० एमटीयूच्या (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) नेटवर्कवर १४६८ च्या पुढे गेलात की पॅकेटचे तुकडे होतात (आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे ४ बाइट वजा करा). एक तुकडा फायरवॉलने किंवा फर्मवेअरने गिळला, की पूर्ण ब्लॉक टाइमआउट होऊन पुन्हा पाठवावा लागतो. फाइल मधूनमधून काही सेकंद थबकत असेल, तर पहिला संशय याच्यावर घ्या.

१४६८ वर वरचीच इमेज पावणेदोन मिनिटांत येते. खरी झेप विंडो साइझने (एका पोचेमागे किती ब्लॉक पाठवायचे तो आकडा) मिळते (आरएफसी ७४४०, २०१५): आठ ब्लॉकमागे एक पोच ठेवली तर १५ सेकंदांच्या आसपास काम होतं. त्यासाठी सर्व्हर आणि फर्मवेअर, दोघांनाही हा पर्याय समजायला हवा. ४ पासून सुरुवात करा, मग ८, मग १६. थेट ६४ लावलंत तर कमी बफरचं फर्मवेअर पॅकेटं सांडतं आणि वेग उलट घटतो.

‘स्पॅनिंग ट्री बंद करा’

हे अजिबात करू नका. एक केबल चुकून दोन स्विचमध्ये फिरली की लूप होतो आणि सगळ्यांचंच नेटवर्क जातं. दुखणं मात्र खरं आहे: जुन्या पद्धतीत पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग उघडतो. पीएक्सईची डीएचसीपी विनंती (आयपी पत्ता मागणारी) लिंक आल्यावर साधारण ०, ४, १२ आणि २८ व्या सेकंदाला जाते, म्हणजे चारही वाया. शिवाय फर्मवेअरकडून आयपीएक्सईकडे (नेटवर्क बूटचा मुक्त प्रोग्रॅम) आणि तिथून कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जाताना लिंक पुन्हा पडते आणि तेवढेच सेकंद पुन्हा मोजावे लागतात. आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीची नवी, वेगवान आवृत्ती) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोर्ट एज (पलीकडे स्विच नाही, मशिन आहे असा) म्हणून जाहीर केला नसेल तर तिथेही ३० सेकंद जातात. उपाय: फक्त सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग (पोर्ट ट्रंक असेल, म्हणजे त्यावर अनेक व्हीलॅन असतील, तर ट्रंकचा पोर्टफास्ट) आणि सोबत बीपीडीयू गार्ड (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारा).

पोर्ट एलएसीपी गटात (अनेक लिंक मिळून एक करणारा प्रोटोकॉल) असेल तर तेही तपासा. बूटच्या वेळी फर्मवेअर बहुधा एलएसीपी बोलत नाही आणि काही स्विच असा पोर्ट निलंबित ठेवतात. अरिस्टाच्या स्विचवर याला ‘एलएसीपी फॉलबॅक’ हा उपाय आहे.

‘लेगसी मोड लावा’

अनेक नव्या सर्व्हरांत हा मोड उरलेलाच नाही. असला तरी तिथेही टीएफटीपीच चालतो आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारं संरक्षण) हातचं जातं. यूईएफआयमधला उशीर बऱ्याचदा बूट क्रमातून येतो: प्रत्येक पोर्टवर आधी आयपीव्ही६ आणि मग आयपीव्ही४. चार पोर्टांचं कार्ड असेल तर उत्तर न येणाऱ्या विनंत्यांतच मिनिटं जातात. न वापरलेल्या पोर्टांचं पीएक्सई आणि आयपीव्ही६चं पीएक्सई सेटअपमध्ये बंद करा. नेटवर्कचा संदेश दिसण्याआधीच स्क्रीन काळी राहत असेल, तर ते बहुधा मेमरी ट्रेनिंग (फर्मवेअरने रॅमची जुळवणी करणं) आहे. डीडीआर५ आणि भरपूर रॅम असताना पहिल्या बूटला ते काही मिनिटं चालतं, नेटवर्कशी त्याचा संबंध नाही.

मोठ्या इमेजसाठी टीएफटीपीला ताणत बसण्यापेक्षा त्याच्याकडून फक्त आयपीएक्सईची छोटी फाइल आणवा आणि कर्नल व इनिटआरडी (कर्नलसोबतची सुरुवातीची तात्पुरती फाइल सिस्टिम) एचटीटीपीने उतरवा. डीएचसीपीत पर्याय ९३ वरून आर्किटेक्चर ओळखा (० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय). पर्याय ७७ मध्ये (विनंती करणारा स्वतःची ओळख सांगतो तिथे) ‘आयपीएक्सई’ आलं तर स्क्रिप्टचा पत्ता द्या, नाहीतर आयपीएक्सई स्वतःलाच पुन्हा पुन्हा लोड करत राहील. आयपीएक्सईचा स्वतःचा ड्रायव्हर एखाद्या कार्डावर रडत असेल, तर फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरणारी एसएनपीओन्ली फाइल लावून बघा.