फ्रीज उघडायला चप्पल लागते आमच्याकडे

अनवाणी हात लावला की हाताला झिणझिण्या. पाहुणे पाणी घ्यायला फ्रीजकडे वळले की आई ओट्याजवळून ओरडते, "अगं थांब, चप्पल घाल आधी!" याची घरात कुणाला लाज नाही, भीती तर नाहीच. "जुनं घर आहे, चालायचंच."

काय चालायचंच?

डोंबिवली पूर्वेची १९८१ची बिल्डिंग, वायरिंगही तेव्हाचंच. तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ. आज त्याच वायरींवर इंडक्शन, वॉशिंग मशीन, मे महिन्यात एसी आणि २ किलोवॅटचा गिझर. तो एकटाच ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. गेले दोन महिने गिझरच्या बोर्डाजवळ मासळी करपल्यासारखा वास येत होता. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे आई शेजारच्यांना नावं ठेवत बसली. वास बोर्डाच्या तापलेल्या प्लास्टिकचा होता!

म्हटलं, एकदाचा निकाल लावू. वायरिंग बदलायचं की नाही, एवढंच तर विचारायचं होतं. पहिला इलेक्ट्रिशियन आला, छताकडे बघितलं, "ताई, सगळं नवीन करावं लागेल. भिंती फोडून कन्सिल्ड. दीड लाख." दुसरा आला, त्यानंही छताकडेच बघितलं. "हात लावू नका, पूर्वीचा माल होता तो. आता मिळत नाही असा." अरे, छतात काय लिहिलंय? बोर्डाला दोन स्क्रू असतात. ते काढायला एक मिनिट लागत नाही. पण नाही, ह्यांना म्हणे नुसतं बघून कळतं!

तिसऱ्याला तर मी चहा पाजला, त्याचं दुःख वेगळंच. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, सारखी ट्रिप होते म्हटल्यावर म्हणतो, "१६ अँपिअरची काढून ३२ची टाकतो, कटकटच संपेल." अरे बाबा, ती एमसीबी वायर जळू नये म्हणून पडते! वायर तीच बारीक ठेवून ३२ची टाकली तर भिंतीत आग लागेपर्यंत ती ढिम्म हलणार नाही. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून दार उघडं टाकून झोपायचं, तसला प्रकार. अर्थात त्याला एकट्याला काय बोलणार? आमच्या बाबांनीही चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजच्या काळात तिहेरी तार गुंडाळून ठेवली होती. का, तर फ्यूज उडू नये! उडणं हेच त्याचं काम होतं हो बाबा.

शेवटी आत्याच्या ओळखीतले एक निवृत्त वायरमन काका आले आणि त्यांनी सगळ्यात आधी मेन बंद करून बोर्ड उघडला. आत ॲल्युमिनियमची वायर. स्क्रूपाशी काळी पडलेली, सैल. ॲल्युमिनियमचं हेच असतं म्हणाले, जोडावर गंज धरतो, तापून-निवून जोड सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. वरचं आवरण बोटानं दाबलं तर पापडासारखं मोडलं. आणि तिसऱ्या, जाड पिनच्या भोकामागे अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, वायरच नाही! कुणीतरी न्यूट्रलमधून तुकडा मारून अर्थ दिल्याचं सोंग केलेलं. म्हणजे मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फ्रीजच्या अख्ख्या अंगात फेजचा करंट उतरणार. मग चप्पल काय करणार, कपाळ?

काकांनी सगळे प्लग काढायला लावले, मेगर जोडला. ५०० व्होल्ट देऊन आवरणातून करंट गळतो का ते बघतात. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर लाइन वाईट. दोन खोल्यांच्या दिव्या-पंख्याच्या लाइनी पास झाल्या, त्यांचे नुसते जोड नीट करायचे. स्वयंपाकघर आणि बाथरूम सपशेल नापास. तिथे मेनपासून तांब्याची नवी लाइन, गिझरला अडीच स्क्वेअर मिलिमीटर जाडीची, एसीला चारची, भिंतीवरून पट्टीत, फोडाफोड नाही. वर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. झालं! अर्ध्या तासात उत्तर. आधीच्या तिघांनी मिळून माझे तीन रविवार खाल्ले.

पण अर्थिंग आणायचं कुठून? सोसायटीच्या मीटर रूममधून. म्हणून सेक्रेटरींना विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठाय? "तो ना, पेव्हर ब्लॉक टाकले तेव्हा खाली गेला." गेला म्हणजे? त्यात पाणी घालायचं असतं, तपासायचा असतो! "अहो, कशाला खर्च करताय? रिडेव्हलपमेंटमध्ये सगळं नवीनच मिळणार आहे." २०११ पासून हेच ऐकतेय. तीन बिल्डर आले, पेढे वाटून गेले. रिडेव्हलपमेंट येणार म्हणून गळती काढायची नाही, रंग लावायचा नाही, आणि आता करंटही खात बसायचा.

पुढच्या मीटिंगला विषय घेऊ म्हणालेत. मीटिंग कधी, ते ठरायचंय.

आईनं परवा फ्रीजसाठी वेगळी रबरी चप्पल आणली. म्हणे, पाहुण्यांना बाथरूमची द्यायला बरं वाटत नाही.